निळ्या दाढीच्या घरात पुन्हा शिरताना : परीकथेचं स्त्रीवादी, गॉथिक पुनर्कथन कसं लिहावं

जुन्या परीकथेचं पुनर्कथन लिहायला बसलं की बहुतेक जण आधी शेवट बदलतात. राजकुमार यायच्या आतच मुलगी उठते, तलवार उचलते आणि दुष्टाचं मुंडकं उडवते. मीही पहिल्यांदा तेच केलं होतं. सतराव्या शतकातला फ्रेंच लेखक शार्ल पेरो याची ‘निळी दाढी’ घेतली (एक नवरा बायकांना मारून एका बंद खोलीत टांगून ठेवतो, ती कथा) आणि नवऱ्याला बायकोच्याच हातून मारलं. ऐकणाऱ्या मैत्रिणींना ते आवडलं. एकीनं मात्र विचारलं, “त्या खोलीतल्या बाकीच्या बायकांचं पुढे काय झालं?” मला उत्तर देता आलं नाही. माझ्या कथेत त्या मूळ कथेत होत्या तशाच भिंतीला टांगलेल्या राहिल्या होत्या. नायिका शूर झाली, पण त्या मेलेल्या बायका घरातल्या सामानासारख्याच उरल्या.

त्या प्रश्नानंतर मी कामाची पद्धत बदलली. शेवटाला हात लावायच्या आधी एक गोष्ट शोधायची: ही कथा ठपका कोणावर ठेवते? तो ठपका हलवला की पुनर्कथन आपोआप सुरू होतं. तो जागेवरच राहिला तर कितीही तलवारी चालवा, जुनीच कथा नव्या कपड्यांत फिरत राहते. ही पद्धत इथे ‘निळी दाढी’ याच कथेवर दाखवते. हिमगौरी, सिंड्रेला, रापुंझेल, तुम्ही कोणतीही कथा घ्या, पायऱ्या त्याच राहतात.

पहिली पायरी : मूळ कथा न गाळता वाचा

परीकथा आपल्यापर्यंत बहुधा लहान मुलांसाठी आटवलेल्या रूपात पोचतात, आणि आटवताना नेमके कामाचे तपशील गळतात. म्हणून जुनं छापील रूप मिळवा. पेरोचा संग्रह १६९७ मध्ये पॅरिसमध्ये निघाला. त्यात आठ गद्यकथा आहेत, त्यांतली एक ‘निळी दाढी’. ती अशी:

एक श्रीमंत माणूस. दाढी निळी, त्यामुळे बायका त्याला बघून पळतात. त्याची आधी अनेक लग्नं झालेली, पण त्या बायकांचं काय झालं हे कोणालाच माहीत नाही. शेजारच्या एका बाईला दोन देखण्या मुली. तो त्या आईला सांगतो, दोघींपैकी कोणती द्यायची ते तुम्हीच ठरवा. दोघी नको म्हणतात, त्याला एकमेकींकडे ढकलतात. मग तो सगळ्यांना आपल्या गावाकडच्या घरी आठ दिवस नेतो. मेजवान्या, नाच, शिकार. धाकटीला वाटू लागतं, दाढी काही इतकी निळी नाही. लग्न होतं. महिन्याभरानं तो सहा आठवड्यांच्या प्रवासाला निघतो, सगळ्या किल्ल्या तिच्या हाती देतो आणि खालच्या मोठ्या दालनाच्या टोकाची छोटी खोली तेवढी उघडू नको म्हणून बजावतो.

तो गेल्याबरोबर शेजारणी आणि मैत्रिणी बोलावण्याची वाट न बघता येतात. तो घरात असताना त्यांना यायचा धीर झालेला नसतो. त्या आरसे, पलंग, गालिचे बघत हरखून हिंडत असतात आणि तेवढ्यात ती मागच्या जिन्यानं धडपडत खाली जाते. खोली अंधारी. जमिनीवर साकळलेलं रक्त, आणि त्या रक्तात भिंतीला टांगलेल्या बायकांची प्रतिबिंबं. हातातून किल्ली पडते. किल्ली मंतरलेली आहे. पुसली, धुतली, वाळूनं आणि दगडाच्या भुकटीनं घासली, तरी एका बाजूचा डाग गेला की दुसऱ्या बाजूला उमटतो. त्याच संध्याकाळी नवरा परत येतो. दुसऱ्या दिवशी किल्ल्या मागतो, डाग बघतो आणि तिला मरायला तयार हो म्हणतो. प्रार्थनेपुरती सवड देतो: पाव तासाचा अर्धा भाग. ती बहिणीला, ॲनला, मनोऱ्यावर पाठवते. भाऊ येणार होते, येताना दिसतात का बघ. दोघेही सैनिक, एक ड्रॅगून, दुसरा मस्केटिअर. अगदी शेवटच्या क्षणी ते पोचतात आणि नवऱ्याला मारतात. त्याला वारस नाही, सगळी संपत्ती हिला मिळते. त्यातून ती ॲनचं लग्न लावते, भावांना कॅप्टनची पदं विकत घेऊन देते आणि स्वतः एका भल्या माणसाशी लग्न करून तो वाईट काळ विसरते.

वाचताना वही जवळ ठेवा आणि जे अडतं, खटकतं ते टिपत जा. अर्थ नंतर लावा. माझ्या वहीतल्या तीन नोंदी पुढे सगळ्या कथेला पुरल्या. एक: अख्ख्या कथेत नाव एकाच व्यक्तीला आहे, बहीण ॲनला. नायिकेला नाव नाही, नवऱ्याला फक्त टोपणनाव आहे. दोन: खाली खून उघडा पडत असताना वर पाहुण्या आरसे बघत होत्या. तीन: खोलीतल्या बायकांना कोणी खाली उतरवलं, कोणी पुरलं, याबद्दल एक अक्षरही नाही.

दुसरी पायरी : कथेची भावंडं शोधा

परीकथा कधी एकटी नसते. जर्मन लोककथा जमवणाऱ्या ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या पहिल्या खंडात ‘निळी दाढी’ होती, १८१९ च्या दुसऱ्या आवृत्तीतून ती काढली गेली. पण तिच्या दोन बहिणी त्यांच्या संग्रहात राहिल्या, आणि मला त्या पेरोच्या कथेहून जास्त आवडतात.

‘फिचरचा पक्षी’ या कथेत जादूगार मुलीला किल्ल्यांबरोबर एक अंडं देतो. मनाई केलेल्या खोलीत ते रक्तात पडलं की डाग निघत नाही. दोन बहिणी अशाच मरतात. तिसरी अंडं आधी नीट ठेवून देते आणि मग खोली उघडते. बहिणींचे तुकडे जुळवून त्यांना जिवंत करते, जादूगाराच्याच पाठीवरच्या टोपलीतून त्यांना घरी पाठवते, खिडकीत एक कवटी फुलांनी सजवून नवरी म्हणून मांडते आणि स्वतः मध अंगाला फासून पिसांत लोळून पक्ष्याच्या रूपात निसटते. ‘लुटारू नवरदेव’ मधली मुलगी नवऱ्याच्या घरी लपून खून बघते आणि लग्नाच्या पंगतीत ते सगळं एक स्वप्न म्हणून सांगते. सांगताना मध्येमध्ये म्हणते, प्रिया, हे मला फक्त स्वप्नात दिसलं. शेवटी अंगठीसकट तोडलेलं बोट काढून पुढे ठेवते.

म्हणजे हुशार नायिका आपण नव्यानं शोधून काढायची गरज नाही, लोकपरंपरेत ती आधीपासून आहे. पेरोच्या छापील रूपाला जास्त प्रसिद्धी मिळाली, एवढंच. हे कळलं की पुनर्कथनात सुधारणा करण्याचा आविर्भाव गळतो आणि लेखन नम्र होतं, त्याचा फायदा कथेला होतो.

भावंडं शोधताना बदलांच्या तारखाही बघा. ग्रिमच्या १८१२ च्या हिमगौरीत तिचा जीव घ्यायला निघते ती सख्खी आई. १८१९ मध्ये तिची सावत्र आई झाली. एक शब्द बदलला आणि दोनशे वर्षांचा ठपका सावत्र आयांच्या माथी आला. हिमगौरी लिहायची असेल तर तिथून सुरुवात करा.

तिसरी पायरी : ठपका कुठे आहे ते नेमकं बोट ठेवून दाखवा

पेरोनं प्रत्येक कथेच्या शेवटी पद्यात तात्पर्य दिलं. ‘निळी दाढी’ला दोन आहेत. पहिलं बायकांच्या कुतूहलावर: हे सुख क्षणाचं आणि महागात पडणारं. दुसरं सांगतं, ही जुन्या काळची गोष्ट, आताचे नवरे असे भयंकर नसतात, आता घरात मालक कोण हेच ओळखू येत नाही. एका खोलीत अनेक बायकांची प्रेतं आहेत आणि तात्पर्य काय, तर तू दार उघडायला नको होतंस.

आता कागदावर दोन रकाने करा. एका बाजूला नायिकेची क्रियापदं लिहा, दुसऱ्या बाजूला नवऱ्याची. तिची: पाहते, उघडते, पाडते, घासते, लपवते, रडते, हाक मारते. त्याची: देतो, बजावतो, जातो, येतो, मागतो, ओळखतो, उगारतो. आधीचे खून कथेत घडताना दिसत नाहीत. ते सगळं कथा सुरू व्हायच्या आधी घडलेलं आहे. कथेनं दाराचं उघडणं आपल्याला दाखवलं आणि मारणं दाराआड ठेवलं. ठपका असा ठेवला जातो: काय दाखवलं आणि काय झाकलं यातून.

आणि मग विचारायचा प्रश्न: पहिल्या बायकोचा अपराध कोणता? ती आली तेव्हा खोली रिकामी होती. बघण्यासारखं काही नव्हतं, डाग पडायला रक्त नव्हतं. कुतूहलाचं तात्पर्य पहिल्या बायकोपाशीच कोसळतं. तिला मारायला कारण लागलं नव्हतं. किल्ली, मनाई, परीक्षा हे सगळं नंतर रचलं गेलं, पुढच्या प्रत्येकीला आपलं मरण आपल्याच चुकीनं आलं असं वाटावं म्हणून. मला हे सुचलं त्या दिवशी माझी कथा मिळाली. तुमच्या कथेतही असा एक प्रश्न असतो, कथेच्याच तर्कानं विचारलेला, ज्यापुढे तिचं तात्पर्य टिकत नाही. तो मिळेपर्यंत पहिलं वाक्य लिहू नका.

चौथी पायरी : कोण सांगतंय?

निवेदक निवडताना सगळ्यात जास्त दुःख भोगणारी व्यक्ती घ्यावी असं वाटतं. माझा अनुभव वेगळा आहे. अशी व्यक्ती घ्या जिला थोडं माहीत होतं, थोडं माहीत करून घ्यायचं नव्हतं आणि जी वाचली. गॉथिक कथेला, म्हणजे जुन्या घरात दडवलेल्या गोष्टींच्या भीतीवर उभ्या राहणाऱ्या कथेला, अपराधी भाव लागतो, आणि तो निष्पाप बळीपेक्षा वाचलेल्या साक्षीदाराच्या आवाजात जास्त खोल उतरतो.

मी ॲनला निवडलं. कथेत नाव असलेली ती एकटी. शिवाय ती मोठी बहीण, आधी तिलाही मागणी आली होती, आणि तिनं ती धाकटीकडे ढकलली. पेरोनं हे अर्ध्या वाक्यात उरकलं आहे. मी तिथूनच सुरुवात केली:

“तो दोघींपैकी कोणालाही न्यायला तयार होता. आईनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, धाकटीला द्या, तिला मोठी घरं आवडतात. सगळे हसले, मीही हसले. त्या घराच्या मनोऱ्यावर उभी होते तेव्हा मला वाऱ्याचा आवाज ऐकू येत नव्हता, ते हसणं ऐकू येत होतं.”

दुसरे पर्यायही आहेत. फरशी धुणारी मोलकरीण, किल्ल्या करणारा लोहार, मुलगी देणारी आई, आरसे बघणाऱ्या पाहुण्यांपैकी एक. किल्लीला किंवा आरशाला बोलतं करण्याचा मोह टाळा. वस्तू सगळं बघते पण तिला काही गमवायचं नसतं, त्यामुळे दोन पानांत आवाज पोकळ होतो.

पाचवी पायरी : काळ आणि जागा ठरवा

मराठीत लिहिताना पहिला विचार येतो तो कथा आपल्याकडे आणण्याचा. कोकणातला वाडा, माजघर, बंद खोली. करा, पण आधी घराचा व्यवहार तपासा. पेरोच्या घरात नवराबायको आणि नोकर आहेत, सासू नाही. आपल्या एकत्र कुटुंबात किल्ल्यांचा जुडगा सासूच्या कमरेला असायचा. मग नव्या सुनेच्या हाती किल्ली कोण देणार? सासूच. म्हणजे खोलीत काय आहे ते सासूला माहीत आहे, कदाचित ती खोली तिनंच सारवली आहे. ही अतिशय जबरदस्त कथा होईल, पण ती वेगळी कथा आहे. फक्त नावं बदलून ॲनची अनसूया केली तर मात्र दोन्ही घरं खोटी वाटतील.

मी कथा फ्रान्समध्येच ठेवली, पेरोच्या काळात. एकोणिसाव्या शतकात न्यायची असेल तर त्या काळचा कायदाच तुम्हाला गॉथिक सामग्री देईल. १८०४ च्या फ्रेंच नागरी संहितेत पत्नीनं पतीची आज्ञा पाळावी असं स्पष्ट कलम होतं. १८१० च्या दंडसंहितेनं राहत्या घरात परपुरुषाबरोबर सापडलेल्या पत्नीचा पतीनं केलेला खून क्षम्य धरला, आणि ती तरतूद १९७५ पर्यंत टिकली. हे कथेत व्याख्यान म्हणून घालू नका. वकील जेवायला आलाय आणि सूप पिता पिता सहज बोलून जातो, एवढं पुरे.

सहावी पायरी : घर बांधा

गॉथिक म्हणजे वटवाघळं, वीज आणि काळा झगा नव्हे. या प्रकाराची सुरुवात होरेस वॉलपोलच्या १७६४ च्या ‘द कॅसल ऑफ ओट्रांटो’ या कादंबरीपासून धरतात. ॲन रॅडक्लिफनं १७९० च्या दशकात तो वाचकप्रिय केला, आणि तिच्याकडून शिकण्यासारखी एक गोष्ट आहे. ती दहशत आणि किळस यांत फरक करते: दहशत मनाच्या जाणिवा जाग्या करते, किळस त्यांना गोठवते. दाराआड काहीतरी आहे हे कळलंय पण दार अजून बंद आहे, ही दहशत. परीकथा आणि गॉथिक यांचं नातंही जुनं आहे. १८४७ च्या ‘जेन एअर’ या कादंबरीत नायिकेला तिसऱ्या मजल्यावरचा बोळ निळ्या दाढीच्या वाड्यातल्यासारखा वाटतो, आणि त्या मजल्यावर पहिली बायको खरोखरच कोंडलेली असते, जिवंत.

प्रत्यक्ष काम असं करा. घराचा नकाशा काढा, अगदी पेन्सिलीनं. जिने कुठे, न्हाणी कुठे, कपडे वाळत कुठे पडतात, धूर कुठून जातो. मग त्या छोट्या खोलीच्या भोवती रोजची कामं लावा. वरच्या खोलीत कोण झोपतं? वास कोणाला आला असेल? धोब्याकडे जाणाऱ्या चादरींची मोजणी कोण ठेवतं, आणि कोणत्या महिन्यात ती कमी भरली? मला सगळ्यात भीतिदायक वाटतं ते घरकाम. कोणीतरी त्या घरात रोज केर काढत होतं आणि त्या एका दारापाशी केरसुणी थांबत होती.

किल्लीचा प्रसंग मी असा लिहिला:

“तिनं ती आधी झग्याला पुसली. मग पाण्यात धुतली. मग वाळू घेऊन घासली. माझ्याकडे आली तेव्हा तिच्या बोटांची सालं निघाली होती. किल्ली लख्ख होती. ‘आता कळणार नाही ना गं, ताई?’ तिनं विचारलं. मी किल्ली उलटी केली.”

इथे थांबले. उलट्या बाजूला काय होतं ते लिहिलं नाही.

खोलीच्या वर्णनाबद्दल मात्र मी कठोर आहे. मेलेल्या बाईच्या देहाचं सुंदर वर्णन करण्याची गॉथिक लेखनाला जुनी खोड आहे: पांढरा गळा, मोकळे केस, ओठांवर रक्ताचा थेंब. ते लिहिताना आपण निळ्या दाढीच्याच नजरेनं बघत असतो, त्यानंही त्यांना भिंतीवर मांडूनच ठेवलं होतं. पेरोनं प्रेतं थेट न दाखवता रक्तातल्या प्रतिबिंबात दाखवली, ती युक्ती घ्या. मी खोलीत देहांऐवजी वस्तू मोजल्या. एकीच्या कानात एकच डूल. एकीच्या हाताला पिठाचा डाग, म्हणजे ती स्वयंपाकघरातून उठून आली होती. एकीचे बूट दुरुस्त केलेले, म्हणजे ती श्रीमंताघरची नव्हती. प्रत्येकीला एक तपशील, आणि तो तपशील तिच्या जगण्याचा हवा.

सातवी पायरी : भाषा

परीकथा लिहायची म्हटली की मराठी माणसाच्या कानात ‘आटपाट नगर होतं’ वाजू लागतं. चातुर्मासातल्या कहाण्यांची ती लय आपली ठेव आहे: छोटी वाक्यं, क्रियापदांची माळ, कारणं न देता पुढे सरकणं. राणी उठली, न्हाली, आरसा पाहिला. ती लय घ्या, पण आटपाट नगर आणि नावडती राणी फ्रान्समध्ये नेऊ नका. वसा, उतणं-मातणं, सुफळ संपूर्ण हे शब्द व्रताच्या जगातून येतात आणि तिथलीच श्रद्धा सोबत आणतात.

संवादांवर जास्त मेहनत घ्या. सतराव्या शतकातली मुलगी ‘माझा निर्णय मी घेईन’ असं म्हणत नाही. ती म्हणते, ‘मला त्या घरात जायचं नाही.’ घोषणा आली की कथा थांबते. नात्यातला बोलण्याचा सूरही ठरवून घ्या. माझी नायिका ॲनला ताई म्हणते आणि अगंतुगं करते. नवऱ्याला लग्नाआधी ‘आपण’, लग्नानंतर ‘तुम्ही’, आणि खोली उघडल्यावर ती त्याला कोणत्याच सर्वनामानं हाक मारत नाही. हा बदल मी कुठे बोलून दाखवला नाही, पण काळजीपूर्वक वाचणाऱ्यांना तो जाणवतो.

पालुपद हा परीकथेचा कणा आहे. मनोऱ्यावरचा प्रश्न फ्रेंच भाषेत म्हणीसारखा झालेला आहे, आणि ॲनच्या उत्तरात तिथे यमक आहे. शब्दशः आणायला गेलं तर ते मराठीत मरतं. मी बऱ्याच खटपटीनंतर असं केलं:

“ताई गं ताई, कोणी येताना दिसतंय का?”
“ऊन दिसतंय धुळीनं भरलेलं, गवत दिसतंय हिरवं पसरलेलं.”

मोठ्यानं म्हणून बघा. तिसऱ्यांदा म्हणताना घसा आवळला पाहिजे.

आठवी पायरी : वेळ ताणा

कथेतला सगळ्यात लांब प्रसंग सगळ्यात थोड्या वेळात घडावा. पेरोच्या हिशेबानं ती सवड साडेसात मिनिटांची होते. माझ्या मसुद्याचा एक तृतीयांश भाग त्या साडेसात मिनिटांत आहे, कारण ठपका तिथे हलतो. ॲन वर उभी आहे, खाली बहीण विचारतेय, आणि ॲनला एकेक गोष्ट आठवतेय: शेजारणी काय म्हणायच्या, आईनं काय ऐकून न ऐकल्यासारखं केलं, आठ दिवसांच्या मेजवानीत एका मोलकरणीनं तिच्या कानाशी काय पुटपुटलं होतं. प्रत्येक आठवणीनंतर पालुपद. मध्ये धुळीचा लोट दिसतो. भाऊ असतील? मेंढरांचा कळप निघतो. हे पेरोचंच आहे, आणि मी ते तसंच ठेवलं. इतकं क्रूर आणि साधं काही मला सुचलं नसतं.

भाऊ येऊन सोडवतात, हे स्त्रीवादी पुनर्कथनात चालेल का, असं मला विचारतात. मी चालवलं. सुटका कोणी केली यापेक्षा मला सुटकेनंतर काय होतं त्यात जास्त रस होता. तुम्हाला भाऊ नको असतील तर ‘फिचरचा पक्षी’कडे वळा, पण मध्येच एखादी बंदूक आणून हा प्रश्न सोडवू नका.

नववी पायरी : शेवट, आता

शेवटाला हात लावायची वेळ ही. पेरोच्या शेवटी पैसा वाटला जातो आणि वाईट काळ विसरला जातो. माझ्या ॲनला विसरता येत नाही. ती लग्नाला नकार देत नाही, पण त्याआधी एक काम मागून घेते. खोलीचं दार मोडून काढलं जातं, बायकांना खाली उतरवलं जातं, आणि प्रश्न येतो की दगडावर नावं काय कोरायची. त्यांची नावं घरात कोणालाच माहीत नाहीत.

इथे इतिहास मदतीला आला. फ्रान्समध्ये १५७९ च्या राजाज्ञेपासून चर्चमध्ये लग्न आणि दफनाची नोंद ठेवणं बंधनकारक होतं. म्हणजे नावं होती, फक्त कोणी जाऊन वाचली नव्हती. ॲन गावच्या पाद्र्याकडे जाते आणि वही मागते:

“नवऱ्याचं नाव दर वेळी तेच होतं, अक्षरही तेच. त्याच्या शेजारी मार्गरीत. मग जान. मग लुईझ, तिनं सहीऐवजी फुली केली होती. मग आणखी एक जान. पाद्री म्हणाले, दफनाची नोंद एकीचीही नाही. मी विचारलं, तुम्हाला कधी नवल वाटलं नाही? त्यांनी वही मिटली नाही. ती माझ्याकडे सरकवली आणि दौत पुढे केली.”

तुमच्या कथेच्या शेवटासाठी याच जातीचा प्रश्न विचारा: मूळ कथेनं कोणतं काम अर्धवट सोडलं? हिमगौरीच्या कथेत आरसा कोणाच्या आवाजात बोलतो? रापुंझेलच्या मनोऱ्याला दार न ठेवणारा गवंडी कोण? शेवट त्या अर्धवट कामातून येऊ द्या.

दहावी पायरी : हक्क, लांबी, वाचन

पेरो आणि ग्रिम यांच्या कथा कोणाच्याही मालकीच्या नाहीत. आधुनिक पुनर्कथनं मात्र लेखकाच्या मालकीची असतात. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क टिकतात. ब्रिटिश लेखिका अँजेला कार्टर यांनी १९७९ च्या ‘द ब्लडी चेंबर’ मध्ये निळ्या दाढीच्या कथेत घोड्यावरून येऊन गोळी झाडणारी आई आणली. कार्टर १९९२ मध्ये गेल्या, म्हणजे २०५२ अखेरपर्यंत ते लेखन संरक्षित आहे. कायदा बाजूला ठेवला तरी ती आई त्यांची आहे. त्यांचा संग्रह जरूर वाचा, पण स्वतःचा पहिला मसुदा पुरा झाल्यावर, नाहीतर तो आवाज डोक्यात बसतो.

लांबी अडीच ते चार हजार शब्दांत ठेवा, दिवाळी अंकांना आणि अभिवाचनाला तेवढी सोयीची पडते. मसुदा झाला की आठवडाभर बाजूला ठेवा आणि मग कोणाला तरी मोठ्यानं वाचून दाखवा, शक्य असेल तर मूळ कथा माहीत नसलेल्या व्यक्तीला. वाचताना तिच्या चेहऱ्याकडे बघू नका, कथा कशी वाटली हेही लगेच विचारू नका. दोन दिवसांनी फोन करा आणि एवढंच विचारा: पहिल्या बायकोचं नाव काय होतं? नाव आठवलं तर कथा छापायला द्या. नाही आठवलं तर वही उघडा आणि तिसऱ्या पायरीवर परत जा.